घर पाडण्याआधी एक कागद: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गावाकडची जुनी घरं घरच्या माणसांनीच पाडण्याबाबत

महोदय,



मे महिना लागला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या पेट्या बाहेर पडतात आणि कोपऱ्यात गंजलेल्या पहारीही. मुंबईहून चाकरमानी येतो, कित्येक वर्षं बंद असलेलं घर उघडतो. माळ्यावर घुशी, पडवीत वारूळ, मागच्या भिंतीत पिंपळ. रात्री ओटीवर बैठक बसते. घर नवं करायचं यावर सगळ्यांचं एकमत असतं, कारण खर्चाचा आकडा अजून कुणी काढलेला नसतो. मग धाकटा म्हणतो, बांधायला कंत्राटदार लागेलच, पण पाडायला कशाला पैसे घालवायचे? आपण पाच जण आहोत, दोन दिवसांत आडवं करू. थोरला मान हलवतो. दुसऱ्या दिवशी देव शेजारच्या घरी हलवतात, गाऱ्हाणं घालतात आणि नारळ फुटल्याफुटल्या पहिली पहार भिंतीत बसते.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. आता गावात कुणाचं घराचं काही असलं की लोक विचारायला येतात. पाया किती खोल घेऊ, स्लॅब किती इंची टाकू, सिमेंट कुठलं आणू, सगळं विचारतात. पाडायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. पाडायला अक्कल कशाला लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती केवळ लोकांची नाही, सरकारी कागदांचीही आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 सांगतं की गावात इमारत उभारायची किंवा पुन्हा उभारायची तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी हवी. म्हणून आपण नकाशा जोडतो, घरपट्टी भरल्याची पावती जोडतो, सहहिस्सेदारांची संमती जोडतो. पण त्या जागेवर आज जे उभं आहे ते कोण, कधी, कसं उतरवणार, याचा एकही रकाना मी आजवर अशा अर्जात पाहिलेला नाही. अर्ज वाचणाऱ्याला वाटावं की जागा मोकळीच आहे. वास्तविक पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस 4130, सध्याची आवृत्ती 1991 सालची. ते तालुक्याच्या कार्यालयाच्या कपाटात असेलही. वाडीपर्यंत आलेलं नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा झाला तेव्हा त्यातूनही स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम वगळलं होतं. वगळण्यामागचा हेतू चांगलाच होता, घर बांधणाऱ्या साध्या माणसामागे इन्स्पेक्टर लागू नये हा. पण त्याचा एक परिणाम असा झाला की सगळ्यात जुनी, सगळ्यात ढिली बांधकामं सगळ्यात कमी जाणत्या हातांनी पाडली जाऊ लागली आणि त्याची कुठे साधी नोंदही राहिली नाही.

जुनं घर कसं उभं असतं, हे थोडं सांगतो. आपल्याला ठाऊक असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील. कोकणातलं घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या भिंती, त्यांवर आडव्या तुळया, वर आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर चार टनांच्या आसपास नुसती कौलंच. हे ओझं वाशांतून भिंतीवर येतं तेव्हा ते फक्त खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही ढकलतं. तुळया या भिंतींना एकमेकींशी धरून ठेवतात. दुसरीकडे छपराचा भार मातीतल्या त्या चिऱ्यांना जागच्या जागी दाबून ठेवत असतो. म्हणजे भिंतीवर छप्पर उभं असतं हे अर्धंच खरं. छपरामुळे आणि तुळयांमुळे भिंतही उभी असते.

आता आपले पाच भाऊ काय करतात ते पाहा. त्यांना सगळ्यात आधी तुळई हवी असते, कारण ती सागाची आहे आणि तालुक्याचा लाकूडवाला तिच्यासाठी टेम्पो घेऊन येऊन बसलाय. म्हणून तुळईच्या टोकाजवळची भिंत फोडून, दोर लावून तुळई ओढली जाते. ज्या गोष्टीने दोन भिंती एकत्र धरल्या होत्या ती गेली. वर आढं आणि वासे अजून तसेच. या क्षणी घरात उभं राहायला मी तरी तयार होणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत एक भिंत उतरताना मी लांबून पाहिली. छप्पर काढून झालं होतं, चार भिंती सुट्या उभ्या होत्या. त्यातली मागची, दहाएक फूट उंच, बाहेरच्या बाजूला पाडायचा बेत होता. तळाचा एक थर पहारीने पोखरला, वर दोर बांधला, दोराला चार जण लागले. भिंत हलली नाही. दोन-तीन हिसके झाले, हसणं झालं, गणपतीच्या नावाने आरोळी झाली. भिंत तशीच. मग एकाला वाटलं, पोखरलेलं कमी पडतंय. तो आतल्या बाजूने गेला आणि खालचे आणखी दोन चिरे ढिले केले. भिंतीला कोण कुठे ओढतंय याच्याशी देणंघेणं नसतं; जिकडचा आधार जातो तिकडे ती बसते. ती आत बसली. एकेक चिरा तीसेक किलोचा असतो. आतला माणूस मागे सरकून दाराच्या चौकटीत आला होता म्हणून वाचला. चौकट जुन्या सागाची, तिने वरचे चिरे झेलले. देवाने राखलं, असं वाडीत अजून म्हणतात. राखलं ते चौकटीने, आणि ती चौकट त्याच दुपारी विकायची ठरली होती.

देशावरची गोष्ट याहून अवघड. मराठवाड्यात, सोलापूरकडे भिंती दोन-अडीच फूट जाड असतात, म्हणून मजबूत वाटतात. पण अशा कित्येक भिंती म्हणजे आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पापुद्रे आणि मध्ये माती नि डबर. दोन्ही बाजूंना आरपार बांधून घेणारे लांब दगड त्यांत नसतातच, किंवा फार थोडे असतात. वर माळवदाची टनावारी माती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे आठ हजारांच्या आसपास लोक गेले ते बहुतांशी अशाच घरांखाली गेले. अशी भिंत एका बाजूने ठोकायला घेतली की तेवढा एकच पापुद्रा सुटून ठोकणाऱ्याच्या अंगावर येतो आणि दुसरा जागेवर राहतो. माळवद उतरवतानाही आधी वरची माती घमेल्याघमेल्याने खाली आणायची असते. लोक मात्र खालून खांब काढतात.

सगळेच काही घर भुईसपाट करत नाहीत. हल्ली जुनं ठेवून आतून नवं करण्याची हौस वाढली आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण या हौसेचं पहिलं मागणं नेहमी एकच असतं: ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून मोठा हॉल करा. ती भिंत घराच्या मधोमध असते, आणि मधोमध असते म्हणूनच पुष्कळदा तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात. हे शोधून काढायला इंजिनियर लागत नाही. माळ्यावर चढावं, बॅटरी घ्यावी, प्रत्येक तुळईचं टोक कुठे संपतं ते पाहावं. ज्या भिंतीवर टोक टेकलंय त्या भिंतीला धिरे आणि वरची नवी तुळई लावल्याशिवाय हात लावायचा नाही. जिच्यावर काही टेकलेलं नाही, जी माळ्याच्या फळ्यांपर्यंत पोचतच नाही, ती पडदी. ती घरच्या घरी काढा, हरकत नाही. हे सगळं पाहून घेणं दहा मिनिटांचं काम आहे. पण सांगायला कुणी नसतं आणि हॉलचा नकाशा तेवढा मोबाइलवर तयार असतो.

चांगलं उतरवलेलं घरही मी पाहिलं आहे. आमच्याकडचे एक वयस्क सुतार अजून ते काम करतात. ते आले की पहिला दिवस नुसता बघण्यात घालवतात, त्यामुळे मुंबईकर मंडळी वैतागतात. मग ते आढ्यावरची कौलं काढतात आणि तिथून दोन्ही पाखी, म्हणजे छपराचे दोन्ही उतार, बरोबरीने मोकळी करत खाली येतात. एक पाखं भरलेलं आणि एक रिकामं असं ठेवत नाहीत, कारण मग सगळा सांगाडा भरल्या बाजूला ओढला जातो. पाय वाशावर किंवा वाशांवर टाकलेल्या फळीवर, रिपेवर कधीच नाही. कौल हातोहात खाली येतं, फेकलं जात नाही, आणि परसात उभं लावलं जातं. उतरवलेलं काहीही माळ्यावर साठवत नाहीत. माळ्याच्या फळ्या भाताच्या कणग्या सोसतात, कौलांचे ढीग नाही. मग रिपा, मग वासे, मग आढं. तुळईला मात्र हात लावत नाहीत. तिच्या टोकाभोवतीची भिंत थराथराने उतरवतात, चारही बाजूंची सारखी, आणि भिंत तुळईच्या पातळीला आली की तुळई आपोआप सुटी होते. मग ती कप्पीने खाली घेतात. कुठल्याही संध्याकाळी काम थांबतं तेव्हा एकही भिंत एकटी उंच उभी नसते. आयएस 4130 चं तत्त्वही हेच आहे, बांधलं त्याच्या उलट क्रमाने, वरून खाली. आमच्या सुतारांनी ते मानक वाचलेलं नाही.

त्यांच्या पद्धतीने आठवडा जातो, घरच्यांच्या पद्धतीने दोन दिवस, आणि जेसीबीने एक सकाळ. पण पैशाचा हिशेब लोक उलटा मांडतात. बारा फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच छेदाची एक तुळई म्हणजे चार घनफूट लाकूड, तेही कधीचं वाळून बसलेलं. अशा पाच-सात तुळया, शिवाय वासे, चौकटी, दारं. त्यांचा आजचा भाव एखाद्या वखारीत विचारून पाहावा. 'लाकूड माझं, पाडणं फुकट' असं सांगणारा येतो तेव्हा तो काही पुण्य करायला आलेला नसतो. कौलांचंही तेच. बासेल मिशनने मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि त्या नावाचा छाप असलेली कौलं आजही आमच्याकडे माळ्याखाली पावसाचा थेंब येऊ देत नाहीत. निसर्ग वादळानंतर, 2020 च्या जूनमध्ये, मंडणगड-दापोलीत आणि रायगडात उडालेल्या छपरांसाठी लोक कौलं शोधत हिंडले, मिळाली नाहीत म्हणून पत्रे घातले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पाडलेल्या घरांची कौलं तोवर रस्त्याच्या खड्ड्यांत गेली होती. आणि मातीत बांधलेला चिरा सबंध सुटतो, पुसून पुन्हा वापरता येतो. सिमेंटमधला तसा सुटत नाही, फुटतो. म्हणजे जुनी भिंत जपून उतरवली तर नव्या घराच्या जोत्याचे चिरे पुष्कळसे घरातच मिळतात. जेसीबीच्या एका सकाळीत या सगळ्याचा चुरा होतो.

आता धुळीकडे येतो. जुन्या घराला बाहेरून जोडलेल्या पडव्या, न्हाणी, गोठे बहुधा सिमेंटच्या पत्र्याचे असतात. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत. आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. शाबूत पत्रा डोक्यावर आहे तोवर फारसं बिघडत नाही; तो फोडला, करवतीने कापला, फरफटत नेला की बारीक तंतू हवेत जातात, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. म्हणून घर पाडणाऱ्याला त्या दिवशी काहीच होत नाही, आणि कुणाचा विश्वासही बसत नाही. पत्रा पाण्याने भिजवून, बोल्ट सैल करून, सबंध उतरवायचा असतो. नाकाला पंचा बांधून उपयोग नाही, निदान पी 100 दर्जाचा मास्क हवा, आणि मुलांनी आसपास फिरकायचंही नाही. आमच्याकडे काय होतं? पत्रा घणाने फोडतात, सोपं जातं म्हणून. आणि तुकडे पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून अंगणाच्या दाराजवळच्या वाटेवर पसरतात, त्यांवरून वर्षानुवर्षं मुलं शाळेत जातात.

जुन्या रंगाचंही तसंच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटचे थरावर थर चढलेली दारं-खिडक्या लोक आता 'मूळ लाकूड दिसावं' म्हणून कोरडी घासतात, नाहीतर ब्लो लॅम्पने रंग जाळतात. हौसेच्या कामात हे सगळ्यात कमी धोक्याचं वाटतं, आणि घरात लहान मूल असेल तर मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल, लावलेले वासे चुलीत घालणंही थांबायला हवं. तो धूर डोळ्यांना सोसत नाही.

विजेबद्दल एकच. मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली वीज गेली. खांबावरून मीटरपर्यंत आलेली वायर जिवंतच असते. ती काढून घ्यायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो, आणि तो पाडायच्या आदल्या दिवशी करून चालत नाही.

आणि विंचू. भिंतीच्या सांदीत हात घालणाऱ्याला फुरसं किंवा लाल विंचू भेटणं ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, त्याआधी कोकणात विंचवाने माणसं दगावायची. आता औषध आहे. फक्त दवाखाना किती लांब आहे हे पहार उचलण्याआधी माहीत असावं. चामड्याचे हातमोजे, जाड तळाचे बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. ही यादी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका देऊ शकेल.

चाकरमान्यांना निदान मदतीला भाऊ असतात आणि मागे पगार असतो. माझी खरी काळजी वेगळी आहे, आणि ती थेट तुमच्या खात्याकडे येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचं असावं लागतं, आणि मजुरीसाठी रोजगार हमीचे नव्वदेक दिवस जोडलेले असतात. लाभार्थ्याच्या जुन्या घराचा फोटो काढतात, नव्या जागेचा काढतात, पुढे जोत्याचा, लिंटेलचा, छताचा. पुष्कळ ठिकाणी जुनं घर आणि नवी जागा एकच असते, कारण त्या माणसाकडे दुसरी जागाच नसते. पहिल्या दोन फोटोंच्या मध्ये त्याने आपलं राहतं घर स्वतःच्या हाताने पाडलेलं असतं. कुणाच्या देखरेखीखाली? कोणत्या पैशातून? पाडलेल्या भिंतीच्या आडोशाला बायकामुलं झोपत असताना? योजनेच्या पोर्टलवर याचा रकाना नाही. इथे हौस नाही, नाइलाज आहे. गवंडी परवडत नाही म्हणून घरचा कर्ता आणि बारावीतला मुलगा भिंत खाली आणतात.

हे पाडलेलं जातं कुठे, हाही प्रश्न आहेच. शंभर चौरस मीटरच्या घरात आतल्या-बाहेरच्या भिंती मिळून साठएक मीटर लांबी सहज भरते. तीन मीटर उंची आणि सव्वा फूट जाडी धरली तरी शंभर टनांच्या वर राडारोडा होतो. त्यातले चिरे वाचवले नाहीत तर तीस-चाळीस ट्रॉल्या. आमच्याकडे त्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, रिकाम्या होतात. पुढच्या जुलैत वहाळ शेतात शिरतो आणि मग ढगफुटीला दोष दिला जातो. बांधकाम कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत, 2025 मध्ये नवे अधिसूचित झाले. पण दोन्हींचा रोख शहरांवर आणि मोठ्या प्रकल्पांवर आहे. वाडीतल्या ट्रॉलीवाल्याने ते वाचून काय करायचं?

मागणं काय आहे ते सांगण्याआधी काय नको तेही सांगतो. पाडकामासाठी नवी परवानगी नको. एक परवानगी वाढली की एक खिडकी वाढते, आणि खिडकीमागचा चहा गावकऱ्यालाच पाजावा लागतो. घर स्वतः पाडू नये असंही माझं म्हणणं नाही. कौलं, रिपा, दारं, पडद्या, फरशी, गिलावा ही कामं घरच्यांनी जरूर करावीत. पैसे वाचतात, माल जपला जातो, आणि आपलं घर कसं बांधलं होतं हे मुलांच्या डोळ्यांसमोर येतं. भार घेणाऱ्या भिंती, तुळया, वरचा मजला, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत आणि सिमेंटचे पत्रे, एवढ्यांना जाणता माणूस असल्याशिवाय हात लावू नये. ही रेघ कुठे ओढायची हे लोकांना कुणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं.

म्हणून परवानगी नव्हे, नोंद हवी. बांधकामाच्या अर्जाला एक पान जोडा: जागेवर काय आहे, कोण उतरवणार, वीज तोडली का, पत्रे आहेत का, राडारोडा कुठे टाकणार. त्याच पानाच्या मागे आयएस 4130 चं सार सोप्या मराठीत छापा, तुळईच्या टोकाच्या चित्रासह. अर्ज नेणारा निदान ते चित्र पाहील. घरकुलाच्या रकमेत पाडकामासाठी वेगळी तरतूद करा, म्हणजे पहिला हप्ता जोत्याआधी दोन-तीन दिवसांच्या जाणत्या मजुरीलाही पुरेल. योजनेत ग्रामीण गवंड्यांचं प्रशिक्षण आधीपासूनच आहे. त्यात वीट रचायला शिकवतात, तशी रचलेली भिंत उतरवायलाही शिकवा. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात भूकंपाला टिकणारं घर कसं बांधायचं हे याच राज्यातले गवंडी शिकले होते, तेव्हा हे अशक्य नाही. आमच्या वयस्क सुतारांसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात दोन-चार उरली असतील. त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा, ती आहेत तोवर. चार-पाच गावांमागे राडारोड्यासाठी एक जागा ठरवा, आणि सिमेंटच्या पत्र्यांसाठी तिथेच वेगळा, झाकलेला कोपरा. याला कोट्यवधी लागत नाहीत. ग्रामपंचायतीच्या गायरानातला एक तुकडा आणि एक फलक लागतो.

कोकणात घरं पाडण्याचा हंगाम होळी उलटली की सुरू होतो आणि मृगाच्या आधी संपतो. अर्जाच्या त्या एका पानाचं परिपत्रक फेब्रुवारीअखेर ग्रामपंचायतींपर्यंत पोचलं, तरच या हंगामातल्या घरांना त्याचा उपयोग होईल. ते तेवढ्यात काढावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
जिल्हा रत्नागिरी